चिखलवाटेवरील जोडशक्ती

मुलांनो, मृगाची पहिली सर पडली, की परभणी जिल्ह्यातील शिवाराचे रूप पालटते. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि गाडीवाटा चिकट चिखलाने भरून जातात. अशा वेळी शेतातील आखाड्यावर कोणी आजारी पडले, तर मोटारसायकलचाच आधार वाटतो. परंतु चाक व मडगार्ड यांच्यामध्ये चिखल दाटतो, इंजिन गुरगुरते आणि बंद पडते. पेट्रोलच्या जोडीला विजेची शक्ती दिली, तर ही वाट सुकर होईल काय?

पेट्रोलचे इंजिन चांगली गती घेतल्यावरच पुरता जोर लावते. संथ चालीत ते दुबळे असते. विजेच्या मोटारीचा स्वभाव याच्या उलट. चाक जागचे हलण्यापूर्वीच ती आपला सर्वाधिक जोर लावू शकते. रुतलेली गाडी उपसणारा बैल आणि दूरचा पल्ला गाठणारा बैल एकाच जुवाला जुंपावे, तशी ही योजना आहे.

ही केवळ कल्पना नव्हे. २०२३ साली कावासाकी कंपनीने ४५१ घनसेंटिमीटरचे इंजिन व ९ किलोवॅटची मोटार असलेली ‘निन्जा ७ हायब्रिड’ जाहीर केली. पण ती सडकेवरची गाडी, वजन सव्वादोनशे किलोंच्या घरात. खडतर वाटेसाठी अमेरिकेत सैन्याकरिता ‘सायलंटहॉक’ नावाची प्रायोगिक गाडी तयार झाली व २०१६ साली लोकांसमोर आली. केवळ विजेवर चालताना तिचा आवाज फार थोडा होई. म्हणजे अशी गाडी बनविणे शक्य आहे.

मग अडचण कोठे आहे? शहरात ब्रेक लावताना मोटारच जनित्र बनते आणि वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत साठविते. चिखलात मात्र ब्रेक क्वचितच लागतो. गती चिखलच गिळून टाकतो. तेथे परत मिळण्यासारखे फारसे काही उरत नाही. दुसरी अडचण वजनाची. १ लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो. इंजिन त्यातील जवळजवळ पाव शक्तीच कामी लावते. तरीही तेवढेच काम करण्यास सुमारे १० ते १५ किलोंची बॅटरी लागते. वजन वाढले, की चाक अधिक रुतते. आणि गाडी आडवी झाली, तर ती उचलण्यास चालक एकटाच असतो!

तात्पर्य, दूरच्या पल्ल्यासाठी बॅटरीचे ओझे वाहणे येथे हिताचे नाही. रुतलेल्या चाकाला क्षणभर हात देण्यापुरती लहान बॅटरी व हलकी मोटार असेल, तरच ही जोडी शोभेल. यंत्राची योग्यता त्याच्या वाटेवरून ठरते, हे ध्यानात ठेवावे. आणि त्या आजारी माणसाच्या दृष्टीने पाहिले, तर गाडीवाटेवर वेळीच पडलेला मुरूम हीदेखील काही लहान शक्ती नव्हे.