कामठ्याचं लाकूड

काकांनी कोयत्याच्या पाठीने बांबूला टोला दिला, क्षणभर ऐकलं आणि मान हलवून पुढच्या बांबूकडे वळले. नागऱ्यातल्या आमच्या शेताच्या धुऱ्यावर कटांग बांबूची जुनी रांजी आहे. काटे इतके की आत हात घालायचा तर आधी वाट कापावी लागते. काका बुरडकाम करत म्हातारे झाले. सूप, टोपली, ढोली यांत त्यांचं आयुष्य गेलं, पण लहानपणी त्यांनी स्वतःच्या हाताने कामठे केले होते. मला एक करून पाहायचा होता, म्हणून त्यांना घेऊन आलो होतो.

कामठा हा धनुष्यासाठी मराठीतला जुना शब्द. त्याच्या जवळचीच कामठी, म्हणजे बांबूची वाकणारी पट्टी. गोंदिया तालुक्यात कामठा नावाचं गावही आहे.

तासाभरात काकांनी एकच बांबू पसंत केला. पहिल्या वर्षाचा बांबू हिरवागार दिसतो, अंगावर पांढरी भुकटी असते, गाठींना खपल्या चिकटलेल्या असतात. दिसायला देखणा, कामठ्याला निरुपयोगी. तीन-चार पावसाळे पाहिलेल्या बांबूचा रंग मळतो, अंगावर करडे डाग पडतात आणि टोल्याला आवाज भरीव येतो. "कवळा बांबू वाकते, पन वापस येत नाई," काका म्हणाले. धनुष्याचं सगळं शास्त्र मला त्या एका वाक्यात दिसतं. वाकणारी लाकडं रानात खूप आहेत. वाकून जोराने परत येणारी थोडी.

आपल्याकडच्या लाकडांत या गुणाची खरी मानकरी धामण. तिचा दांडा कावडीला वापरत, कारण दोन्ही टोकांना ओझं घेऊन चालताना तो पावलागणिक लवतो आणि सावरतो. संस्कृतात या झाडाला धन्वन म्हणतात, धनुर्वृक्ष असंही एक नाव आहे. तिवस आणि धावडाही चिवट. कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा असला की वर्षानुवर्षं टिकतो, आणि गोंदियाचं नाव ज्या गोंदावरून पडलं असं सांगतात, तो गोंद देणाऱ्या झाडांतही धावडा आहेच. साग मात्र कामठ्याला नको. दारं-खिडक्यांना त्याच्यासारखं लाकूड नाही, पण ताण आला की तो आखूड तुटतो. मला धामणीचाच मोह होता. पण रानातलं झाड एका धनुष्यासाठी तोडणं मनाला पटेना, आणि परवानगीशिवाय ते करताही येत नाही. बांबू तर धुऱ्यावरच होता. 2017 साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला, त्यामुळे आपल्या शेतातला बांबू कापायला वनखात्याची परवानगी लागत नाही.

बांबू कापला तो हिवाळ्यात. पावसाळ्यातल्या बांबूत पिठूळपणा जास्त असतो आणि त्यावरच घुण तुटून पडतो. कापलेला तुकडा तीन आठवडे बोडीच्या पाण्यात दगडाखाली बुडवून ठेवला, म्हणजे तो पिठूळ अंश पाण्यात उतरतो. बाहेर काढला तेव्हा वास नकोसा होता. मग गोठ्याच्या माळ्यावर, सावलीत.

इथे माझ्या पहिल्या कामठ्याची गोष्ट सांगायलाच हवी. त्याचा बांबू मी घाईने मे महिन्यात टिनाच्या छपरावर टाकला होता. वैदर्भी उन्हात पंधरवड्यात तो हलका, खणखणीत झाला आणि मला वाटलं, उत्तम वाळला. पहिल्यांदा पूर्ण ओढला तेव्हा वरचं पातं गाठीपाशी काडकन मोडलं. लाकडात थोडी ओल राहायलाच हवी, वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. ओल जास्त असली तर कामठा वाकलेलाच राहतो, अगदी कमी असली तर मोडतो. मोडलेला तुकडा मी जपून ठेवला आहे. तुटलेल्या कडेवर बांबूचे धागे ब्रशसारखे उभे आहेत, आणि सालीजवळ ते किती दाट, आतल्या बाजूला किती विरळ, हे नुसत्या डोळ्यांना दिसतं.

ते धागे पाहिल्यापासून साल किती मोलाची ते कळलं. धनुष्य ओढलं की बाहेरची, निशाणाकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू दाबली जाते. बांबू ताण अफाट सोसतो, दाबाला मात्र तेवढा बळकट नाही. म्हणून मी साल बाहेरच्या बाजूला ठेवली आणि तिला हत्यार लावलं नाही. जे तासायचं ते आतून. दाब सोसायला जागा मिळावी म्हणून पातं रुंद आणि चपटं ठेवलं, मुठीजवळ दीड इंच, टोकाला जेमतेम अर्धा. इंग्रजांचा प्रसिद्ध लांब धनुष्यदंड अरुंद आणि गोलसर असतो, कारण तो यू झाडाचा. त्या झाडात बाहेरचं पांढरं लाकूड ताण घेतं आणि आतलं तांबूस लाकूड दाब. ती घडण बांबूवर लादली तर तो दबून जाईल. आकार आधी कागदावर काढून लाकूड नंतर शोधणं मला म्हणूनच उलटं वाटतं.

करवत काकांनी लावूच दिली नाही. कोयता बांबूच्या तोंडावर ठेवला, वरून लाकडी ठोकळ्याने हाणला आणि बांबू फाटत गेला. करवत सरळ जाते, धागे जिथे वळतात तिथे त्यांना कापते. फाट धाग्याच्या मागे जाते.

लांबी ठरवायला माझा हात मोजला. मी दोरी सव्वीस इंच ओढतो, तिच्या दुप्पट आणि वर मुठीसाठी, सुरक्षेसाठी थोडी भर, असा कामठा पाच फूट चार इंचांचा झाला. मूठ एका कांड्याच्या मधोमध घेतली, म्हणजे दोन्ही पात्यांवर गाठी जवळपास सारख्या अंतरावर येतात.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यांसाठी ताल, बांबू, लाकूड आणि शिंग सांगितलं आहे. दोरीसाठी दिलेल्या यादीत मूर्वा, रुई, सण आणि चक्क बांबूही आहे. ती गोष्ट फक्त पोथीत राहिलेली नाही. सातपुड्यातल्या भिलांच्या तीरकामठ्याला बांबूच्याच सालीची पट्टी दोरी म्हणून असते. माझ्या कामठ्याला मात्र मी सणाची पिळलेली दोरी लावली.

मग सुरू झालं खरं जिकिरीचं काम. भिंतीतल्या खुंटीवर कामठा आडवा टांगायचा, दोरीला हळूहळू खाली ओढायचं आणि दोन पावलं मागे होऊन पाहायचं. दोन्ही पाती सारखी वाकली पाहिजेत. बांबू बुंध्याकडे जाड असतो, म्हणून बुंध्याकडचं पातं हट्टी. तिथे आतून तासायचं, पण अगदी बेताने. जाडी दहा टक्के कमी झाली तर ताठपणा सत्तावीस टक्क्यांनी उतरतो, रुंदी तेवढीच कमी केली तर फक्त दहा टक्क्यांनी. म्हणून सुरुवातीला काती, नंतर कानस, शेवटी काचेचा तुकडा. प्रत्येक वेळी थोडं खरवडायचं आणि वीस-तीसदा अर्धवट ओढून सोडायचं, म्हणजे बांबूला नवा बाक अंगवळणी पडतो. लटकन काट्याला अडकवून पाहिलं तेव्हा पूर्ण ओढीला बारा किलो भरत होते. तणसाचा गठ्ठा बांधून त्यावर बाण मारायला एवढं पुष्कळ.

चौथ्या दिवशी संध्याकाळी काका आले. महाशिवरात्र जवळ आली होती, शंकराच्या देवळाकडून भोंग्याचा आवाज येत होता. त्यांनी चष्मा वर सारला, खुंटीवरचा कामठा दोनदा ओढून पाहिला आणि खालच्या पात्यावर तिसऱ्या गाठीच्या पुढे अंगठा टेकवला. "पाय, इथं झोपलाय थो."

मला काहीच दिसेना. त्यांनी माझं बोट धरून तिथे ठेवलं आणि पुन्हा दोरी ओढली. आजूबाजूचा बांबू बोटाखाली हलत होता, चार बोटांची तेवढी जागा मात्र गप्प होती. मी पेन्सिलीने खूण केली आणि काच उचलली.