ताण दिला की कातडी वाढते

अपघातात कानाचा बराच भाग गेलेल्या एका रुग्णाचा कान पुन्हा घडवायचा होता आणि त्यासाठी कातडी कमी पडत होती. चार्ल्स न्यूमन या अमेरिकी शल्यविशारदांनी कानाजवळच्या कातडीखालीच रबराचा छोटा फुगा बसवला आणि त्यात टप्प्याटप्प्याने हवा भरली. फुग्यावरची कातडी फाटली नाही. ती नुसती ताणलीही गेली नाही, ती चक्क वाढली. १९५७ साली न्यूमन यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. आज भाजल्याचे मोठे व्रण काढताना किंवा कर्करोगानंतर स्तनाची पुनर्रचना करताना प्लास्टिक सर्जन हीच युक्ती वापरतात, फक्त फुगा सिलिकॉनचा असतो आणि आत हवेऐवजी सलाइन.

कातडीच्या याच गुणावर भिस्त ठेवून सुंता झालेले काही पुरुष शस्त्रक्रियेशिवाय अग्रत्वचा पुन्हा वाढवू पाहतात. अमेरिकेत विसाव्या शतकात मुलगा जन्मला की हॉस्पिटलातच सुंता करण्याची रीत पडली. धर्माचा त्याच्याशी संबंध असेलच असं नव्हतं. मोठेपणी त्यातल्या काहींना वाटलं की आपल्या शरीराबद्दलचा हा निर्णय आपल्याला विचारून झाला नाही. १९८०च्या दशकापासून असे पुरुष एकमेकांना भेटू लागले, अनुभव सांगू लागले. इच्छा मात्र फार जुनी आहे: पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने त्यासाठीच्या शस्त्रक्रियेचं वर्णन करून ठेवलं आहे. आजच्या पद्धतीत सुरी नाही. उरलेली कातडी हाताने, मेडिकल टेपने किंवा एखाद्या साधनाने रोज काही वेळ हलकेच ताणून ठेवायची, आणि असं कित्येक महिने, बहुधा कित्येक वर्षं करत राहायचं.

पण ओढल्याचं कातडीला कळतं कसं? पेशीच्या आवरणात पिएझो नावाची प्रथिनं असतात. आवरण ताणलं गेलं की ती दारासारखी उघडतात आणि कॅल्शियमचे कण आत शिरतात. पेशीसाठी हा निरोप असतो. या प्रथिनांच्या शोधासाठी आर्डेम पटापुटियन यांना २०२१चं नोबेल मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रसेल्समधल्या संशोधकांनी उंदरांच्या कातडीखाली आपोआप फुगणारं जेल ठेवून वरच्या एकेका पेशीचं काय होतं ते पाहिलं. एरवी कातडीच्या तळाशी असलेल्या मूळ पेशी विभागतात तेव्हा हिशोब तोलून धरलेला असतो. जितक्या पेशी वर जाऊन गळून पडणार, तितक्याच मागे राहणार. ताण आला की हा तोल काही काळ ढळतो, मागे राहणाऱ्यांची संख्या वाढते आणि कातडीचं क्षेत्रफळ वाढू लागतं. ताण घेणारी पेशीच ठरवते की आता आपण कमी पडतोय! मला यातलं हे सगळ्यात विलक्षण वाटतं. मेंदूला याची खबरही नसते.

निगा का घ्यायची, तेही इथूनच कळतं. वाढ ताणाने होते, इजेने नव्हे. जड कर्णफुलं वर्षानुवर्षं घालणाऱ्या बाईच्या कानाची पाळी आठवा. भोक लांबत जातं आणि एक दिवस पाळी तुटते, कारण सगळा भार एका रेघेवर येतो. तिथे रक्त पोचत नाही आणि कातडी वाढण्याऐवजी मरते. तोच भार मोठ्या भागावर पसरला तर पेशींना श्वास घ्यायला जागा राहते. त्यामुळे हलका आणि पसरलेला ताण चांगला, जोराचा आणि एकाच जागी आलेला वाईट. ओढ जाणवावी, दुखू नये. कातडी पांढरी पडली, निळसर झाली, गार लागली किंवा बधिर वाटली, तर साधन त्याच क्षणी काढायचं. काढल्यावरही रंग आणि संवेदना परतली नाही तर तडक हॉस्पिटल गाठायचं. झोपताना कडक किंवा रिंगसारखं साधन नकोच. निरोगी पुरुषाला रात्रीतून तीन ते पाच वेळा झोपेतच ताठरता येते आणि घट्ट रिंग रक्तप्रवाह अडवू शकते.

शिश्नाची कातडी शरीरावरच्या सर्वांत पातळ कातड्यांपैकी एक. तिच्याखाली चरबीचा थर नाही, म्हणून ती इतकी सहज सरकते, आणि म्हणूनच तिला जपावं लागतं. सुंतेच्या व्रणाची रेघ आजूबाजूच्या कातडीइतकी लवचीक नसते, त्यामुळे तिच्या कडेला चीर पडण्याचा धोका जास्त. व्रणाच्या पुढची पट्टी मुळात आतल्या ओलसर अस्तराची. टेपचा गोंद तिला लवकर झोंबतो. शिवाय फुगा बसवलेल्या रुग्णांच्या कातडीत दिसलं आहे की ताणाच्या काळात वरचा थर थोडा जाड होतो, आतला मात्र पातळ होतो. कातडी वरून धडधाकट दिसते म्हणून ताण वाढवत नेऊ नये, याचं कारण हेच. अधूनमधून सुट्टीचे दिवस ठेवणं शहाणपणाचं.

बरंच नुकसान टेप काढताना होतं. टेप खसकन ओढली की वरच्या पेशींचा थर तिच्याबरोबर निघून येतो. रोज असं झालं तर ती जागा लाल होते, रसरसते. आधी टेपच्या कडेला खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडावेत आणि थोडा वेळ थांबावं. मग एका बोटाने कातडी दाबून धरून टेप वर न खेचता तिच्याच अंगावर उलटी दुमडत, सावकाश सोडवत न्यावी. नंतर कोमट पाण्याने धुवावं. वासाचा साबण, डेटॉल, स्पिरिट यांतलं काहीही नको. टिपून कोरडं करावं, घासू नये. तेलकट कातडीवर टेप बसत नाही, म्हणून तेल किंवा व्हॅसलिन विश्रांतीच्या वेळी लावावं. पावसाळ्यात आपल्याकडे टेपखाली घाम साचतो आणि बुरशी धरते, तेव्हा त्या महिन्यांत टेपपेक्षा हाताने ताण देणं बरं. खाज सुटली म्हणून मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब मात्र लावू नका. अशा पुष्कळ मलमांत तीव्र स्टिरॉइड असतं आणि स्टिरॉइड कातडी पातळ करतं. वाढवायला निघालेल्या कातडीचा याहून मोठा घात नाही. मधुमेह असेल तर जखमा उशिरा भरतात, म्हणून सुरुवात करण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावं.

यातून काय मिळतं आणि काय नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं. झाकणारी कातडी वाढते. बोंडाचा पृष्ठभाग कपड्यांच्या घर्षणापासून वाचतो आणि मऊ झाल्याचं अनेकजण सांगतात. पण सुंतेत कापली गेलेली विशिष्ट मज्जातंतूंची टोकं, मूळ अग्रत्वचेच्या तोंडाशी असलेली वळीदार पट्टी, हे परत उगवत नाही. नवी कातडी ही जुन्या अग्रत्वचेची जागा घेते, ती तीच नसते. हे आधीच माहीत असलेला माणूस घाई करत नाही, आणि घाई न करणाऱ्याची कातडी सुखरूप राहते.

चीर दोन-चार दिवसांत भरत नसेल, पुरळ पसरत असेल, पू किंवा दुर्गंधी येत असेल, तर लाजेपोटी अंगावर काढू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे किंवा यूरॉलॉजिस्टकडे जा, आपण काय करतो आहोत आणि रोज किती तास, ते सरळ सांगा आणि वापरत असलेल्या टेपचं पाकीट सोबत न्या. पुष्कळदा दोष कातडीचा नसतो, त्या टेपच्या गोंदाचा असतो.