पूरपाण्यात इंजिनाच्या श्वासमार्गाचे रक्षण

खरिपातील कीड-सर्वेक्षणाचा काळ आणि नद्या-नाल्यांना पूर येण्याचा काळ एकच असतो. भातावरील तपकिरी तुडतुडे असोत वा कपाशीवरील गुलाबी बोंडअळी, नाला भरला म्हणून कीड थांबत नाही. काही किडी तर पुराच्या मागोमाग येतात. स्पोडोप्टेरा मॉरिशिया ही भातावरील लष्करी अळी पाणी ओसरल्यानंतर झुंडीने पिकावर तुटून पडते. आसामने २०१६ मध्ये तिचा मोठा उद्रेक अनुभवला. अशा वेळी सर्वेक्षकाला शेत गाठणे भाग असते आणि वाटेतला फरशी पूल मात्र पाण्याखाली असतो. गडचिरोलीतील भामरागड असो की ब्रह्मपुत्रेच्या पात्रातील माजुली, हा प्रसंग विस्तार कार्यकर्त्यांना नवा नाही. मग जीप किंवा ट्रॅक्टर पाण्यात घातला जातो, आणि कधी कधी तो ओढ्याच्या मध्यावर एकाएकी बंद पडतो.

इंजिनात पाणी शिरले म्हणजे नेमके काय होते, हे आकड्यांवरून स्पष्ट होईल. तीन सिलिंडरांचे २.७ लिटर क्षमतेचे डिझेल इंजिन घेतल्यास प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ९०० घनसेंटिमीटर येतात. संपीडन गुणोत्तर १८ धरले, तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर हवेसाठी जेमतेम ५३ घनसेंटिमीटर जागा उरते. टपरीवरच्या ‘कटिंग’ चहाला याहून मोठा पेला लागतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. तेवढ्या जागेहून अधिक पाणी सिलिंडरमध्ये आले की वर येणारा पिस्टन जागीच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. हेच इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांनी फिरताना दर सेकंदाला सुमारे ४५ लिटर हवा ओढते. त्यामुळे हवेचे तोंड क्षणभर जरी बुडाले, तरी चालकाला सावरायला अवधी मिळत नाही.

म्हणूनच वाहनाची खरी खोली-मर्यादा चाकाच्या उंचीवरून नव्हे, तर हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या उंचीवरून ठरते. आपल्या वाहनात हे तोंड कोठे आहे, हे अनेक अनुभवी चालकांनाही सांगता येत नाही. काही ट्रॅक्टरांत ते बॉनेटच्या वर उभ्या नळीच्या टोकाला असते, तर काहींत पुढील जाळीमागे, रेडिएटरच्या आसपास दडलेले असते. अनेक जीपवर्गीय गाड्यांत ते दिव्यामागे किंवा चाकावरील पत्र्याच्या आत असते. पावसाळ्यापूर्वी बॉनेट उघडून एअर फिल्टरपासून मागे माग काढत ते तोंड शोधावे आणि जमिनीपासून त्याची उंची मोजून ठेवावी.

तोंड उंचावर नेणारी नळी, म्हणजे स्नॉर्केल, बसवली की काम झाले, असा समज सर्रास आढळतो. तो धोक्याचा आहे. नळीचे टोक छपरापर्यंत गेले तरी तेथून इंजिनापर्यंतच्या वाटेत रबरी होज, क्लॅम्प आणि फिल्टरच्या डब्याचे झाकण असे अनेक सांधे असतात, आणि पाणी सर्वांत खालच्या कच्च्या सांध्यातून शिरते. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन मंद गतीवर चालू ठेवून स्नॉर्केलच्या तोंडावर प्लायवूडचा सपाट तुकडा क्षणभर घट्ट धरावा. तळहाताचा मोह टाळावा. इंजिन लगेच गुदमरू लागले तर वाट बंदिस्त आहे. ते निवांत चालत राहिले, तर खाली कोठून तरी हवा शिरते आहे, आणि जेथून हवा शिरते तेथून पाणीही शिरेल. बहुतेक वेळा दोष फिल्टरच्या डब्याच्या तळाशी सापडतो. तेथे धूळ बाहेर टाकणारी लहानशी रबरी झडप असते. ती उन्हाने चिरते, कधी सफाईत हरवते, आणि तिच्यावाचून गाडी वर्षानुवर्षे चालते.

जुन्या ट्रॅक्टरांतील ऑइल बाथ एअर क्लीनरची गोष्ट वेगळी. त्याच्या तळाची तेलाची वाटी क्लिपांनी अडकवलेली असते. तिचा गॅस्केट सैल असेल तर पाणी आत जाते, तेलाहून जड असल्याने तळाशी बसते आणि तेलाची पातळी वर उचलते. मग इंजिन तेच तेल ओढू लागते. ओढा ओलांडल्यावर ही वाटी उघडून पाहिल्याखेरीज ट्रॅक्टर नांगराला जुंपू नये.

येथे कीटकशास्त्राचाही थोडा संबंध येतो. चिखलाची घरटी बांधणारी कुंभारीण माशी आणि तिच्या जातकुळीतील इतर गांधीलमाश्या अरुंद नळ्या, छिद्रे शोधत असतात. ब्रिस्बेनच्या विमानतळावर अशाच एका जातीने विमानांचा वेग मोजणाऱ्या नळ्या बुजवल्याची नोंद आहे. गाडीच्या डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सला बारीक श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, असते. ती चिखलाने बुजली की गरम डिफरन्शियल थंड पाण्यात शिरताच आतली हवा आकुंचन पावते आणि ऑइल सीलमधून पाणी आत खेचले जाते. शेडमध्ये आठवडाभर उभ्या राहिलेल्या वाहनाच्या या नळ्या तारेने मोकळ्या करून पाहणे आवश्यक ठरते.

प्रत्यक्ष पाण्यात उतरताना वेग हा शत्रू असतो. सावकाश शिरून, पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये एकसारख्या गतीने जाणाऱ्या वाहनापुढे एक लाट तयार होते आणि तिच्यामागे इंजिनाभोवतीचे पाणी किंचित खाली राहते. पुढच्या जाळीवर ताडपत्री बांधल्यास याला मदत होते. मध्येच गिअर बदलला किंवा थांबले, की लाट मोडते आणि पाणी बॉनेटखाली परतते. इंजिनाचा पंखाही पाणी चहूकडे उडवतो, तेव्हा बाहेरून दिसणारी पातळी आतल्या पातळीइतकी असेलच असे नाही.

हे सारे संथ पाण्यापुरते. वाहत्या पाण्यात प्रश्न इंजिनाचा राहत नाही: ३० सेंटिमीटर प्रवाह लहान मोटारीला उचलू शकतो, ६० सेंटिमीटर जीपलाही. तेव्हा स्नॉर्केल असो वा नसो, अलीकडेच थांबावे. पलीकडच्या प्रगतिशील शेतकऱ्याने चुडागणिक तुडतुडे मोजून दूरध्वनीवर आकडा कळवला, तरी फवारणीचा निर्णय एक दिवसही रखडत नाही. अशी माणसे पावसाळ्याआधीच हेरून, त्यांना मोजणी शिकवून ठेवणे हे कोणत्याही नळीहून स्वस्त आहे.

वाहन पाण्यात बंद पडलेच, तर चावी पुन्हा फिरवू नये. पहिल्या वेळी वाचलेला रॉड बहुधा दुसऱ्या प्रयत्नात वाकतो. माणसांनी आधी सुखरूप बाहेर यावे, मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दोराने बाहेर ओढावी, बॅटरीची तार सोडावी आणि एअर फिल्टर उघडावा. तो कोरडा असेल तर बहुतांशी काळजी मिटते. ओला असेल तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून इंजिन हाताने फिरवत सिलिंडरमधले पाणी बाहेर काढावे लागते. नव्या कॉमन रेल इंजिनात हे काम जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावे. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ चहासारखे दिसले तर ते त्याच दिवशी बदलावे. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे तेलही तपासावे, कारण तेथील पाणी आवाज करत नाही आणि बेअरिंग गंजल्याचे पुढच्या हंगामात कळते.