माळवदावरची अँटेना आणि जपानचे रडार

दूरदर्शन नवे होते तेव्हाचे दिवस आठवा. ज्याच्या माळवदावर अँटेनाची काठी उभी, त्याच्या घरी संध्याकाळी निम्मी आळी जमत असे. एक जण वर चढून काठी फिरवी व "आलं का?" म्हणून ओरडे. खालून उत्तर येई, "मुंग्याच आहेत अजून!" काठीचे तोंड म्हैसमाळच्या डोंगराकडे वळले की मुंग्या जात आणि चित्र स्थिर होई. त्या आडव्या नळ्यांच्या सांगाड्यास 'यागी अँटेना' म्हणतात. यागी हे एका जपानी प्राध्यापकाचे आडनाव. त्यांच्या विद्यापीठात लागलेला हा शोध दुसऱ्या महायुद्धात जपानच्या शत्रूंनी वापरला, आणि खुद्द जपानी लष्कराला तो ओळखताही आला नाही. हे कसे घडले, ते आज पाहू.

आधी रडार म्हणजे काय ते समजून घेऊ. खोल विहिरीत हाक मारली की ती परत ऐकू येते. किती वेळाने येते त्यावरून पाणी किती खोल आहे याचा अंदाज बांधता येतो. रडारमध्ये आवाजाऐवजी रेडिओलहरींचा ठोका पाठवतात. या लहरी सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावतात. म्हणून १५० किलोमीटरवरच्या विमानावर आपटून ठोका परत येण्यास सेकंदाचा हजारावा भाग लागतो. तेवढा वेळ मोजला की अंतर कळते.

परंतु नुसते अंतर कळून भागत नाही, दिशाही कळली पाहिजे. त्यासाठी लहरी चहूकडे न उधळता एकाच बाजूस लोटाव्या लागतात. यागी अँटेनाची खुबी येथे आहे. तिच्या अनेक नळ्यांपैकी तार फक्त एकीलाच जोडलेली असते. तिच्या मागे किंचित लांब नळी असते आणि पुढे किंचित आखूड नळ्या असतात. झोक्याला ठरावीक वेळी धक्का दिला तर तो चढतो, भलत्या वेळी दिला तर थांबतो. तसेच, तार न जोडलेल्या या नळ्या आपल्या लांबीप्रमाणे थोड्या मागेपुढे कंप पावतात. त्यामुळे पुढच्या बाजूस लहरी एकमेकींस बळ देतात व मागच्या बाजूस एकमेकींना मारतात.

हे काम सेंडाई येथील तोहोकू विद्यापीठात १९२६ च्या सुमारास झाले. प्रयोगांचा मुख्य भार शिंतारो उदा यांनी वाहिला. प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांनी १९२८ साली इंग्रजी निबंध लिहून ते जगापुढे मांडले. म्हणून नाव यागींचे झाले. न्यायाने 'यागी-उदा' म्हणावयास हवे. पाश्चात्त्यांनी निबंध वाचला व उपयोगात आणला. जपानी सेनाधिकाऱ्यांनी मात्र त्याकडे लक्ष दिले नाही.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. तेथे जपान्यांना एका ब्रिटिश तंत्रज्ञाची रडारविषयीची टिपणे सापडली. त्यांत 'यागी' हा शब्द वारंवार येई, पण त्याचा अर्थ कोणास लागेना. अखेर युद्धकैद्यास विचारले, तेव्हा त्याने सांगितले की हे तर तुमच्याच प्राध्यापकाचे नाव!

दुसरी गोष्ट याहून बोचरी आहे. अगदी आखूड लहरी जोराने निर्माण करणाऱ्या नळीस मॅग्नेट्रॉन म्हणतात. दहा सेंटिमीटर लहरींची अशी प्रभावी नळी जपानमध्ये १९३९ सालीच तयार झाली होती. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमची प्रसिद्ध नळी चालली ती फेब्रुवारी १९४० मध्ये. पण ब्रिटिशांनी आपली नळी त्याच वर्षी अमेरिकेस नेऊन दिली, व शास्त्रज्ञ आणि सैनिक एकत्र कामास लागले. जपानमध्ये भूसेना व आरमार यांचे संशोधन वेगवेगळे चाले आणि दोघांत वैरच अधिक. शिवाय लहरी सोडणे म्हणजे अंधारात आपणच कंदील पेटवणे, असे आरमारातील अनेकांना वाटे. रात्रीच्या लढाईत त्यांचा भरवसा दुर्बिणीवर व पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर होता.

त्याची किंमत जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत मोजावी लागली. जपानचे रडार तेव्हा 'इसे' व 'ह्यूगा' या दोन युद्धनौकांवर बसवलेले होते. पण त्या विमानवाहू जहाजांबरोबर नव्हत्या. रडार नसलेली ती चारही विमानवाहू जहाजे बुडाली.

यंत्र असले म्हणजे काम झाले, असेही नाही. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी हवाई बेटावर अमेरिकेच्या रडारने येणारी जपानी विमाने २०० किलोमीटरहून अधिक दूर असतानाच दाखवली होती. दोघा शिपायांनी वर्दीही दिली. परंतु अधिकाऱ्यास ती आपलीच विमाने वाटली, आणि पर्ल हार्बर पेटले.

१९४४ च्या अखेरीस जपान सरकारने यागींना तंत्रज्ञान मंडळाचे अध्यक्ष केले. तोवर फार उशीर झाला होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला. जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर तो फुटावा, यासाठी त्याच्या अंगावर उंची मोजणारी छोटी रडारे होती, आणि त्यांच्या अँटेना यागी पद्धतीच्याच होत्या.

युद्ध संपल्यावर उदा भारतात आले. १९५५ ते १९५८ या काळात युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून त्यांनी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत काम केले. पुढे १९५९ मध्ये दिल्लीत व १९७२ मध्ये मुंबईत दूरदर्शन सुरू झाले, आणि तीच अँटेना घरोघरी पोहोचली.

जपानजवळ बुद्धी होती, शोधही होते. घरात चाललेल्या कामाची वेळीच चौकशी करणारे मात्र नव्हते. हा दोष केवळ जपान्यांचा समजू नये. आपल्या बदनापुरात कृषी संशोधन केंद्र आहे. तुरीचे 'बीडीएन ७११' हे वाण येथलेच, 'बीडीएन' ही अक्षरे आपल्या गावाची. तेथे सध्या काय चालले आहे, हे आत जाऊन विचारणारे आपल्यापैकी किती निघतील? हे व्याख्यान ऐकून चौघे जण जरी उद्या तेथे गेले, तरी मला समाधान वाटेल.