कोयनानगरच्या परसबागेत नळीवाटे विद्राव्य खत

कोयनानगर परिसरात वर्षाकाठी सुमारे ५००० मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडत असल्याने मातीतील नत्र व पालाश पाण्याबरोबर मुळांच्या आवाक्याबाहेर झिरपून जातात. म्हणूनच पाऊस ओसरल्यावर लावलेल्या वांगी, टोमॅटोला एकदम मूठभर खत टाकण्यापेक्षा ते थोडे थोडे पाण्यातून देणे कितीतरी हितावह ठरते.

बागेच्या नळीला व्हेंचुरी, म्हणजे मध्यभागी निमुळती झालेली जोडनळी, बसवली की तेथे पाण्याचा वेग वाढून दाब घटतो आणि शेजारच्या बादलीतील द्रावण बारीक नळीतून आपोआप ओढले जाते. बादलीत १९:१९:१९ हे विद्राव्य खत, ज्यात नत्र, स्फुरद व पालाश प्रत्येकी १९ टक्के असतात, पूर्ण विरघळवावे. त्यात कॅल्शियम नायट्रेट मात्र कधीही मिसळू नये, कारण त्यातील कॅल्शियमचा स्फुरदाशी संयोग होऊन पांढरा साका बसतो व नळी तुंबते. जीवामृत द्यायचे झाल्यास ते दुपदरी फडक्यातून गाळून घ्यावे.

नळाचा दाब अचानक गेल्यास खताचे पाणी उलटे पिण्याच्या पाण्यात शिरू शकते. हा धोका खरोखर गंभीर असल्याने नळाजवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवल्याशिवाय ही जोडणी करूच नये.