लेबलचं अंतर डेटाच्या एककात मोजू नका

इंदूरच्या विजय नगरात पायथन शिकणाऱ्या मराठी मुलांकडून एक सल्ला हमखास ऐकू येतो: "लेबल बारला चिकटलंय? वायमध्ये थोडं मिळव, वर सरकेल." सरकतं, हे खरं. म्हणून तर हा गैरसमज इतका चिवट आहे.

वस्तुस्थिती अशी की, मॅटप्लॉटलिब या पायथनच्या चार्ट काढणाऱ्या लायब्ररीत वेगळं काही सांगितलं नाही तर लेबलचे एक्स-वाय डेटाच्या एककात धरले जातात, कागदावरच्या अंतरात नव्हे. शंका असेल त्याने अधिकृत दस्तऐवजातलं ट्रान्सफॉर्मेशन्सचं प्रकरण उघडावं.

२०११ च्या जनगणनेचे आकडे घ्या: इंदूर १९.६ लाख, भोपाळ सुमारे १८ लाख, उज्जैन सव्वापाच लाखांच्या आत. तिन्ही बार काढून प्रत्येक लेबलच्या वायमध्ये ०.५ मिळवलं, तर मूळ आकाराच्या चित्रात लेबल साधारण साडेसहा पॉइंट वर बसतं. दिसतं झकास. तोच कोड एकट्या उज्जैनसाठी चालवा. आता अक्ष साडेपाच लाखांच्या आतच संपतो आणि तेच ०.५ जवळपास चौपट अंतर बनतं. लेबल बारपासून सुटून अधांतरी लटकतं. लोकसंख्या लाखांऐवजी माणसांत मांडली, तर ०.५ म्हणजे अर्धा माणूस. लेबल जागचं हलत नाही. लॉग स्केलवर तर प्रत्येक बारवरचं अंतर निराळं! मग ०.५ चं ०.७, ०.७ चं ०.९ करत तासभर जातो. अरे, आकडा नाही, एकक चुकलंय.

अंतर पॉइंटमध्ये द्या. पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. फॉन्टचा आकारही त्यातच मोजतात, त्यामुळे डेटा बदलला तरी अक्षर आणि अंतर यांचं प्रमाण टिकतं. अ‍ॅनोटेटमध्ये एक्सवाय म्हणून डेटाचा बिंदू, एक्सवायटेक्स्ट म्हणून (०, ५) आणि टेक्स्टकोऑर्ड्स म्हणून 'ऑफसेट पॉइंट्स' द्या. बार चार्टसाठी तर २०२१ मधल्या ३.४ आवृत्तीपासून बार लेबल हे फंक्शनच आहे. त्यात पॅडिंग ३ लिहिलं की काम झालं.

आता किरकोळ गैरसमज.

"लेबलं एकमेकांवर आली तर लायब्ररी ती आपोआप बाजूला करते." नाही करत. जबलपूर आणि ग्वाल्हेर दोन्ही साडेदहा लाखांच्या घरात; एकाच रेषेवर बिंदू मांडले की नावं एकमेकांवर चढणारच. ती हाताने हलवा, नाहीतर अ‍ॅडजस्टटेक्स्ट हे वेगळं पॅकेज घ्या.

"टाइट लेआउट लावला की सगळं बसतं." तो शीर्षक आणि अक्षांच्या नावांना जागा करून देतो, चार्टच्या आतली लेबलं सोडवत नाही.

"तिरकी नावं टिकखाली बसतच नाहीत." आडवी जुळणी 'राइट' आणि रोटेशन मोड 'अँकर' ठेवा, बसतात.

"मराठी नावांच्या जागी चौकोन आले, म्हणजे डेटा बिघडला." डेटा शाबूत असतो, मूळच्या डेजाव्हू सान्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही. देवनागरी फॉन्ट दिल्यावरही 'विजय'ची वेलांटी व-च्या पुढे जाऊन बसली, तर दोष अक्षरजोडणीचा आहे. लेबल सरकवून तो सुटत नाही.

जुन्या कोडमध्ये लेबलच्या वायपुढे अधिकचं चिन्ह दिसलं तर ते काढा आणि ऑफसेट लिहा. पुढच्या जनगणनेचे आकडे भराल, तेव्हा बारपासूनचं अंतर जुळवायला एकही लेबल पुन्हा हलवावं लागणार नाही.