रस्त्याला जामीन कोण?

मित्रहो, आजचा विषय वचनाचा आहे, पण उदाहरण आपल्या कळंबोलीतलं घेऊ. स्टील मार्केटकडे पोलादाने लादलेले ट्रेलर वळतात, तिथला रस्ता. सिडकोने वसवलेली ही वसाहत १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे. पालिका काम देते तेव्हा ठेकेदार वचन देतो: काम पुरं करीन, आणि दोषदायित्वाच्या मुदतीत रस्ता खचला तर स्वखर्चाने दुरुस्त करीन. नाही केलं तर? म्हणून तिसरा माणूस लागतो.

हा तिसरा माणूस फार जुना. याज्ञवल्क्य स्मृतीत जामिनाचे तीन प्रकार आहेत: माणसाला हजर करण्याचा, तो विश्वासू असल्याचा आणि त्याचं देणं फेडण्याचा. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १२६ मध्ये हेच त्रिकूट भेटतं: धनको, ऋणको आणि हमीदार. मीही एकदा सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलो होतो आणि पुढे काही महिने हप्ते माझ्या पगारातून गेले. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला ‘दायित्व’ शब्द असा कळला!

आपल्याकडे ठेकेदार बहुधा बँक हमी देतो. एक कोटीचं काम आणि पाच टक्के सुरक्षा ठेव धरा, म्हणजे पाच लाखांची हमी. पण त्यासाठी बँक ठेव किंवा तारण मागते. चार कामं घेतली की छोट्या ठेकेदाराचं भांडवल अडकलंच. बँक मुख्यतः तारण बघते. हा माणूस खडी नीट दाबतो का, हे बघणं तिचं काम नाही.

२०२२ च्या अर्थसंकल्पात सरकारी खरेदीत बँक हमीऐवजी विमा कंपनीचं हमीपत्र, म्हणजे शुअरिटी बाँड, चालेल असं जाहीर झालं. विमा नियामकाची मार्गदर्शक तत्त्वं १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. इथे कंपनीने आधी ठेकेदाराची जुनी कामं, यंत्रं, देणी तपासायची असतात. म्हणजे याज्ञवल्क्याचा दुसरा प्रकारही तिसऱ्याला येऊन मिळाला. विमा म्हटलं की नुकसान कंपनी सोसणार असं वाटतं ना? तसं नाही. ती पालिकेला पैसे देते आणि कलम १४५ प्रमाणे ठेकेदाराकडून वसूल करते. ठेकेदार सुटत नाही.

आता खरी मेख. कलम १३३ सांगतं, हमीदाराच्या संमतीशिवाय कराराच्या अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरता हमीदार मोकळा होतो. हमीपत्रात वेगळं लिहिलं असेल तर गोष्ट निराळी. साइटवर काय होतं? “अहो, इथे काँक्रीटऐवजी पेव्हर ब्लॉकच टाका, कागद मागून करू.” या एका वाक्याने हमी धोक्यात येऊ शकते, आणि बोलणाऱ्याला पत्ताही नसतो. मला ठेकेदाराच्या लबाडीपेक्षा या ‘मागून करू’ची जास्त भीती वाटते.

रोडपालीहून आलेल्या एका ताईंनी विचारलंय, यात आम्ही काय करायचं? ताई, कामाच्या फलकावर ठेकेदाराचं नाव आणि दोषदायित्वाची मुदत आहे का बघा. नसेल तर माहिती अधिकारात करार आणि हमीपत्राची प्रत मागा. खड्डा दिसला की तारखेसह फोटो काढून लेखी तक्रार द्या, पोचपावती घ्या, आणि हे मुदत संपायच्या आत. हमीपत्राची तारीख उलटली की पालिकेने मागायचं कोणाकडे? मग तोच खड्डा तुमच्या आमच्या मालमत्ता कराच्या पैशांतून भरला जातो.